वासोट्याची वाट: पाण्याखालचा रस्ता आणि वरचं जंगल

या मालेत किल्ल्यांवर पुष्कळ बोलून झालंय. आज मी किल्ल्यावर कमी आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर जास्त बोलणार आहे. वासोट्याला किती जण जाऊन आलेत? जरा हात वर करा. निम्म्याहून जास्त. बरं, म्हणजे वर्णन फार करायला नको.

तरी ट्रेकचा क्रम एकदा आठवू. साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीला उतरायचं. तिथे वनखात्याची परवानगी घ्यायची, नावं लिहायची, लाँच ठरवायची. मग तास-दीड तास शिवसागर जलाशयातून प्रवास. पलीकडच्या काठावर उतरलं की वनखात्याची चौकी, पिशव्यांची तपासणी, ओढ्याकाठचा मारुती आणि मग दाट झाडीतला चढ. माथ्यावर मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी, वाड्याचे अवशेष आणि बाबू कड्याचं ते डोळे फिरवणारं दृश्य. फोटो काढायचे, डबा खायचा आणि आल्या वाटेने परत. संध्याकाळच्या आत लाँचमध्ये. मुक्काम करायचा नाही.

या क्रमात दोन गोष्टी विचित्र आहेत. आपण तिथे इतके रमलेले असतो की त्या लक्षात येत नाहीत. पहिली, डोंगरावर जायचा रस्ता लाँचने सुरू होतो. दुसरी, आपण आल्या वाटेने परत फिरतो. सह्याद्रीतल्या घाटवाटा परत फिरण्यासाठी नव्हत्या, त्या पार जाण्यासाठी होत्या. घाटावरून कोकणात, कोकणातून घाटावर. मग ही वाट अशी अर्ध्यावर कधी तुटली? कोणी तोडली? आणि तिच्यावर राहणाऱ्या माणसांचं काय झालं? आजचा विषय एवढाच आहे.

आधी भूगोल. कोयना महाबळेश्वरला उगम पावते. कृष्णाही तिथलीच. पण कृष्णा वाईकडे निघून जाते आणि कोयना सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर, सरळ दक्षिणेला वाहते. सुमारे 65 किलोमीटर अशी गेल्यावर हेळवाकपाशी ती एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. म्हणजे हे खोरं एखाद्या लांबट कोठीसारखं आहे. पश्चिमेची भिंत सह्याद्रीची, तिच्यापलीकडे कोकण. पूर्वेची भिंत बामणोलीच्या रांगेची, तिच्यापलीकडे सातारा. या कोठीत शिरायचं तर एक ना एक भिंत चढून उतरावीच लागते. म्हणून इथल्या महत्त्वाच्या वाटा आडव्या होत्या. दोन्ही भिंती ओलांडणाऱ्या.

वरच्या अंगाला हातलोटची वाट, आणखी उत्तरेला पार घाट, खाली दक्षिणेला कुंभार्ली. आणि मधे आपली वाट: सातारा, कास, बामणोली, कोयनेचं पात्र, मेट इंदवली, तिथून वर वासोटा आणि नागेश्वर, आणि पलीकडे खेड तालुक्यातलं चोरवणे. आज चढताना एका ठिकाणी फाटा लागतो, एक वाट वासोट्याला आणि दुसरी नागेश्वराला. तो फाटा ट्रेकवाल्यांनी पाडलेला नाही. नागेश्वराकडे जाणारी वाट हीच मूळची पुढे जाणारी वाट. वासोट्याची वाट म्हणजे त्या वाटेवर नजर ठेवणाऱ्या चौकीकडे जाणारी शाखा.

या वाटांवरून काय जायचं? कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचं आणि घाटावरचं धान्य खाली उतरायचं. बैलांच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. मिठावाचून माणसाचं चालत नाही आणि जनावराचंही नाही. त्यामुळे ज्याच्या ताब्यात घाट, त्याच्या हातात जकात आणि शेजाऱ्याची नाडी. जावळीच्या मोऱ्यांचं बळ यातच होतं. शिवाजी महाराजांनी 1656 मध्ये जावळी घेतली ती काही निसर्ग छान आहे म्हणून नव्हे. (हशा) जावळीबरोबर घाटवाटा हाती आल्या. तीनच वर्षांनी, 1659 च्या नोव्हेंबरात, अफजलखानाला याच रानात यावं लागलं, आणि ते रान कोणाला साथ देणार होतं ते आधीच ठरलेलं होतं. वासोटा स्वराज्यात आला 1660 मध्ये.

‘मेट’ हा शब्द इथे लक्षात घ्या. मेट इंदवली, मेट शिंदी अशी नावं या भागात ऐकू येतात. त्र्यंबकच्या बाजूला मेटघर आहे. मेट म्हणजे गडाच्या चढावरची पहाऱ्याची चौकी. गडावर कोण जातं, कोण येतं हे पाहणारी माणसं तिथे राहायची आणि तिथेच चार शेतं करायची. म्हणजे वासोट्याच्या पायथ्याचं ते गाव जंगलात चुकून वसलेलं नव्हतं. गडाला ते हवं होतं. गाव नसतं तर गडावर धान्य, पाणी, सरपण कोणी चढवलं असतं?

वासोट्याचा उपयोग तुरुंग म्हणून झाला हे आपण वाचलेलं असतं. दुर्गम किल्ल्याचं हे दुसरं काम: वाट अडवायची आणि माणूसही अडवायचा. 1806-07 च्या सुमारास ताई तेलिणीने हा किल्ला लढवला. परशुराम पंतप्रतिनिधींच्या बाजूने ती उभी राहिली आणि पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांना तिने काही महिने दाद दिली नाही. गडावरच्या धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हा तिला शरण जावं लागलं. बारीक पाहिलंत तर ही कथाही वाटेचीच आहे. किल्ला तटाने टिकला नाही, धान्याने टिकला. धान्य संपलं आणि खालची वाट गोखल्यांच्या हातात होती, तिथे लढाई संपली.

पुढे इंग्रज-मराठा युद्धात दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबाला वासोट्यावर ठेवलं होतं. दोन इंग्रज अधिकारीही तिथे कैदेत होते. एप्रिल 1818 मध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेने जुन्या वासोट्याच्या डोंगरावरून मारा केला आणि किल्ला पडला. त्या दिवसापासून वासोटा लष्करी दृष्टीने निरुपयोगी झाला. पण वाट चालूच राहिली. आपण इतिहास लिहिताना 1818 ला पूर्णविराम देतो आणि इथल्या माणसांचा इतिहास तिथून पुढे न लिहिता सोडून देतो.

एकोणिसाव्या शतकात काय झालं? दोन गोष्टी. पहिली, गाडीरस्ते. कुंभार्लीसारख्या घाटात गाडी चढायला लागली, पुढे रेल्वे आली आणि लांबचा व्यापार तिकडे वळला. बैलांचे तांडे कमी झाले. हे मुद्दाम सांगतो, कारण धरणाने सगळं मारलं असं म्हणणं सोपं आहे आणि ते खरं नाही. लांब पल्ल्याचा व्यापार धरणाच्या कितीतरी आधीच आटला होता. जी उरली ती घरगुती वाट. लेक कोकणात दिलेली, सून कोकणातून आणलेली, महाशिवरात्रीला नागेश्वराची यात्रा. त्या यात्रेला दोन्ही बाजूंची माणसं वर चढायची. कोकणातली भावकी वर्षातून एकदा तिथेच भेटायची.

दुसरी गोष्ट, जंगलाचे कायदे. 1878 च्या कायद्याने राखीव जंगलं आखली गेली. डोंगरउतारावर झाडी तोडून, जाळून नाचणी-वरीची जी शेती व्हायची, तिला कुमरी म्हणतात, तिच्यावर बंधनं आली. पठारांवर म्हशी राखणाऱ्या गवळी-धनगरांच्या चराईवरही आली. पोट भरेना तशी तरणी पोरं मुंबईला गेली, गिरण्यांत, गोदीत, माथाडी कामात. आजही या खोऱ्यातल्या घरांत एक पाय मुंबई-ठाण्यात असतो, त्याची सुरुवात ही अशी जुनी आहे.

आणि मग धरण. कोयनेच्या पाण्यावर वीज करता येईल ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पहिल्या महायुद्धानंतर टाटांनी इथे पाहणी केली, पुढे मंदीत ती योजना बारगळली. स्वातंत्र्यानंतर सरकारने ती हाती घेतली. 1950 च्या दशकात काम सुरू झालं आणि 1962 मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज सुरू झाली. धरणाची उंची 103 मीटर, जलाशयाची क्षमता आता सुमारे 105 टीएमसी. पाणी मागे पन्नासएक किलोमीटर, थेट तापोळ्यापर्यंत पसरतं. ती मघाची लांबट कोठी आठवा. तिचा तळ भरला.

तळाला काय होतं? कोठीत सपाट जमीन कुठे असते? तळालाच. भाताची खाचरं, गावठाणं, देवळं, एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचे उतार, सगळं खालीच होतं. सुमारे शंभर गावांना धरणाची झळ लागली. काही गावं उठून सोलापूर, सांगली, रायगड, रत्नागिरी, ठाणे अशा जिल्ह्यांत गेली. काही त्याच डोंगरात वर सरकली, शेत पाण्याखाली सोडून. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला 1976 मध्ये. कोयनेची गावं उठली त्याच्या दीड दशक आधी. म्हणजे ज्यांनी सगळ्यांत आधी दिलं, त्यांना मागण्यासाठी कायदाच नव्हता. श्रमिक मुक्ती दलाने, डॉ. भारत पाटणकरांच्या पुढाकाराने, या प्रश्नावर कोयनानगरला पुन्हा पुन्हा ठिय्या दिला तो अगदी अलीकडच्या काळात. धरणाला साठ वर्षं होऊन गेली आणि नातवंडं आजोबांच्या जमिनीचा हिशेब मागतायत.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप तुम्हाला माहीत आहे. तीव्रता सुमारे 6.5. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपाचं उदाहरण म्हणून जगभर कोयनेचा अभ्यास होतो. पण खोऱ्यातल्या माणसाच्या बाजूने पाहा: आधी खाचर गेलं, वर सरकून नवं घर बांधलं, आणि पाच-सहा वर्षांत तेही हादरलं.

आता एक गोष्ट सांगतो, ती मला या सगळ्यात सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी वाटते. कोयना ही पूर्वेला जाणारी नदी. तिचं पाणी बंगालच्या उपसागराचं. पण धरणानंतर त्यातलं पुष्कळ पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेतात, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पाडतात, त्यावर वीज करतात आणि ते पाणी वाशिष्ठीत सोडतात. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला मान्य केलेलं पाणी वर्षाला 67.5 टीएमसी आहे. म्हणजे या भागात घाटावरून कोकणात मोठ्या प्रमाणावर जाणारी एकच गोष्ट उरली: पाणी. शेकडो वर्षं माणूस, मीठ आणि धान्य जिथून ओलांडत होतं, तिथून आता पाणी ओलांडतं, आणि माणूस आल्या वाटेने परत फिरतो.

त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, आपल्या घरात दिवे लागले. इथे पंखे फिरतायत त्यातही कोयनेचा वाटा असेल. मी धरण वाईट होतं असं म्हणत नाहीये. त्याचं बिल कोणी भरलं ते सांगतोय.

पाण्यानंतर जंगल. 1985 मध्ये कोयना अभयारण्य झालं, सुमारे 423 चौरस किलोमीटर. त्याच वर्षी दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात चांदोली अभयारण्य झालं आणि 2004 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान बनलं, सुमारे 317 चौरस किलोमीटर. तिथेही मधोमध जलाशयच आहे, वारणा धरणाचा वसंतसागर. 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 मध्ये पश्चिम घाटातली जी स्थळं जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कोयना आणि चांदोली आहेत, कासही आहे.

क्रम बघा. आधी जलाशय आणि मग अभयारण्य. ही योगायोगाची गोष्ट नाही. धरणाने खोऱ्यातली माणसं कमी केली, रस्ते तुटले, शेती थांबली. दोन-अडीच दशकांत झाडी वाढली. मग आपण म्हणालो, किती निबिड अरण्य आहे, राखलं पाहिजे. राखलंच पाहिजे, यात वाद नाही. गवा, अस्वल, शेकरू, बिबट्या यांना दुसरी जागा नाही. पण त्यातलं बरंचसं जंगल मेट इंदवलीच्या घरांपेक्षा तरुण आहे. चढ सुरू होताना जोती दिसतात, दगडांचे बांध दिसतात, जोत्यातून वर आलेलं झाड दिसतं. आपण त्याला अवशेष म्हणतो आणि मनात किल्ल्याचा काळ धरतो. ते अवशेष शिवकाळातले नाहीत. त्या घरांत वाढलेली माणसं आपल्या आईवडिलांच्या वयाची आहेत.

चांदोलीतही हेच. प्रचितगड आणि भैरवगड हे तिथले घाटमाथ्यावरचे पहारेकरी. प्रचितगडाखाली कोकणात शृंगारपूर. घाटावरच्या बाजूची झोळंबी, गोठणे, रुंदिव ही नावं आज नकाशात पठारांची आणि वनक्षेत्राची म्हणून वाचली जातात. ती गावांची नावं आहेत. गावं उठली, नावं जंगलाला मिळाली.

मग आज शिवसागराभोवती काय उरलंय? वासोटा आहे, परवानगीने, एका दिवसात, पावसाळा सोडून. दक्षिणेला नवजाच्या बाजूचा जंगली जयगड आहे. उत्तरेला कांदाटीचं खोरं आहे, शिंदी, चकदेव, पर्वत, महिमंडणगड. या उत्तरेच्या टोकाला वाट अजून वाटेसारखी वागते. चकदेवावरून कोकणात उतरायला शिडीची वाट आहे, आणि खोपीहून शिंदीला येणारा रघुवीर घाटाचा गाडीरस्ता झालाय. कांदाटीतली माणसं अजून बाजारासाठी, दवाखान्यासाठी कधी लाँचने तापोळ्याला जातात, कधी कोकणात उतरतात. तिथे चाललात तर घाटवाट म्हणजे काय ते कळतं, कारण समोरून येणारा माणूस ट्रेकला आलेला नसतो.

आणि याच खोऱ्यावर आता पुढचा टप्पा येतोय. नवीन महाबळेश्वर नावाने गिरिस्थान विकसित करायचा आराखडा आहे. तापोळ्याला जलाशयावर मोठ्या पुलाचं काम हाती घेतलं गेलं. पुलाने इथल्या बाईला बाळंतपणाला वेळेत दवाखाना मिळणार असेल तर पूल हवाच, आणि साठ वर्षं आधी हवा होता. माझा प्रश्न निराळा आहे. शेतासाठी, चराईसाठी, जुन्या वाटेसाठी जिथे स्थानिक माणसाला ‘इथे जंगल आहे, नियम आहेत’ असं सांगितलं गेलं, तिथेच उद्या रिसॉर्टसाठी नियम सैल होणार असतील, तर आपण जंगल राखत होतो की जागा मोकळी करत होतो?

इथे थांबलो असतो, पण मधल्या रांगेतून एक चिठ्ठी आलीय. विचारलंय, ‘मग आम्ही वासोट्याला जायचंच नाही का?’

जा की. बामणोलीचा लाँचवाला, वाट दाखवणारा, घरगुती जेवण करून देणारी माणसं, यांतली पुष्कळशी याच खोऱ्यातली आहेत, आणि धरणाने शेत नेल्यावर हे पाणीच त्यांचं शेत झालंय. जा, परवानगी काढून जा, प्लास्टिक मोजून न्या आणि मोजून परत आणा. फक्त लाँचमध्ये बसल्यावर एक करा. गाणी लावायच्या आधी चालवणाऱ्याला विचारा, ‘दादा, तुमचं जुनं गाव कुठे होतं?’ तो बहुधा हात करून पाण्याकडेच दाखवील. मग तिथून पुढचा इतिहास त्याला सांगू द्या. माझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक आहे.